आठ मीटरवरचा माणूस

"पण बुवा, माणसानं कमी पाहावं, असं कायद्यात लिहिलंय कुठं?"

अच्युतबुवा मठाच्या ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. विचारणारा नीळकंठ दाणोळे त्यांचा जुना शिष्य. तालुक्याला त्याचे फरशीचे दुकान होते. मोह सोडायचे ठरवल्यापासून त्याने फक्त गाडीच काय ती दोनदा बदलली होती.

या गाडीचे कंपनीचे दिवे काढून त्याने बाहेरून पांढरेशुभ्र दिवे बसवून घेतले होते. घाटाखालच्या नाक्यावर हवालदाराने ते पाहिले. मूळचे दिवे परत बसवा, पुन्हा असे दिसले तर गाडी ठेवून घेईन, असे त्याने बजावले.

मूळचे दिवे तोवर भंगारात गेले होते. आणि उद्या संध्याकाळी तालुक्याला उत्सव. बुवा माझ्या गाडीतून उतरतील, असे नीळकंठ गावभर सांगून बसलेला.

मात्र तो हवालदार बुवांच्या पाया पडणारा होता. बुवा पुढच्या सीटवर दिसले की गाडीला हात लावायची त्याची छाती होणार नाही, हे नीळकंठने मनाशी पक्के केले होते. बुवांना त्याने एवढेच सांगितले, की उद्या माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसा, सेवेची संधी द्या.

"हवालदाराचं म्हणणं काय?" बुवांनी विचारले.

"समोरच्याचे डोळे दिपतात म्हणे."

नीळकंठ हसला. नियम त्याने वाचला होता. दिव्यापुढे आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर कोणाचे तरी डोळे आहेत असे धरायचे. ते दिपता कामा नयेत. हा गृहस्थ कोण, कुठला, भर रस्त्यात कशाला उभा, याबद्दल सरकारने काहीच कळवलेले नाही.

"तू भेटलास त्याला?"

"कोणाला?"

"त्या आठ मीटरवरच्या माणसाला."

"बुवा, तो नियमातला माणूस. खरा थोडाच असतो?"

बुवांनी मांडीवरची टरफले झटकली. दिवेलागण झालीच होती. गाडीचे दिवे लाव म्हणाले, आणि स्वतः जाऊन पुढच्या सीटवर बसले. नीळकंठला हा शुभशकुन वाटला.

मग बुवांनी खिडकीतून हात काढून त्याला पुढे जायची खूण केली. तो लांब ढांगा टाकत गेला, अंदाजाने थांबला, वळला.

"तू उंच आहेस," आतून आवाज आला. "दीड मीटरवर ये."

नीळकंठ गुडघ्यांत वाकला. स्वतःच्या गाडीपुढे त्याला असा वाकलेला पाहून पाणी भरायला आलेल्या दोन बायकांनी तोंडाला पदर लावला.

"काय दिसतं?"

"दिवे."

"आणखी?"

नीळकंठने डोळ्यांवर हात धरला. हात काढला. डोळे चोळले...

"बुवा, तुम्ही आहात ना गाडीत?"

"आहे की. तू म्हणालास त्याच सीटवर."

"दिसत नाही, बुवा..."

नीळकंठ तसाच वाकून उभा होता.

"मग नीळकंठा," बुवा म्हणाले, "उद्या हवालदाराला तरी मी कसा दिसणार?"