गिळलेली तक्रार

“म्हणजे चूक जयवंतची. असंच ना?”

उकिडवे सरांनी सुपारी सोलता सोलता विचारलं. मान वर केली नाही.

“तसं नाही, सर... पण माझी बाजू मी तीनदा तपासली. तिथं काही चुकलेलं नाही. मग उरलं काय?”

सरांनी सोललेली सुपारी टोपलीत टाकली.

सरांच्या खाडीकाठच्या पोफळीच्या वाडीत निरंजन तीन तासांचा प्रवास करून आला होता. कॉलेजात सरांनी त्याला आणि जयवंत तोडणकरला एका बाकावर बसवून प्रोग्रामिंग शिकवलं. पुढं दोघांनी मिळून एका डायलिसिस केंद्रासाठी पाळ्या लावणारं पान बांधलं. ब्राउझरमध्ये दिसणारं पान आणि त्यामागची जावास्क्रिप्ट निरंजनची. ती रुग्णाची माहिती गोळा करायची आणि जयवंतच्या कोडला हाक मारायची, म्हणजे ती माहिती त्याच्याकडे धाडून उत्तर मागायची. जयवंतचा कोड सी प्लस प्लसमधला. तो गणित करून सांगायचा, कुणाला मशीनवर कधी आणि किती वेळ घ्यायचं.

श्रावणात जयवंतला ताप आला. सहाव्या दिवशी तो गेला.

तेव्हापासून अधूनमधून एखाद्या रुग्णाच्या नावापुढची चौकट रिकामी राहू लागली. हाक जायची, उत्तर यायचं नाही. परवा एक बाई दोन एसट्या बदलून केंद्रावर आल्या आणि पाळी न लागताच परत गेल्या.

“सोमवारी जयवंतचा भाग काढून टाकतो, सर. सगळं नव्यानं मीच लिहितो. तुम्ही फक्त हो म्हणा.”

“माझं हो कशाला हवं?”

“तुम्ही आम्हा दोघांचे सर.”

“बरं झालं, आठवलं. मग त्याला विचारलंस?”

“सर... तो नाही आता.”

“त्याचा कोड आहे ना? तो काय म्हणतो?”

“तेच तर! काही म्हणत नाही. गप्प बसतो.”

सर उठले. जवळ आले. सालांनी खरखरीत झालेला तळवा त्यांनी निरंजनच्या तोंडावर घट्ट दाबून धरला.

“सांग. कुठं दुखतंय?”

निरंजनला बोलता येईना. त्यानं मान झटकून पाहिली. हात हलला नाही.

“हा पण काही म्हणत नाही,” सर म्हणाले, आणि हात काढून घेतला.

निरंजनचे कान तापले. त्यानं मुकाट्यानं लॅपटॉप उघडला आणि जिथून जयवंतच्या कोडला हाक जाते ती जागा काढली. तिथं त्याच्याच हातच्या दोन ओळी होत्या. हाक फसली की पलीकडून तक्रार येते. ती पकडायची आणि गिळून टाकायची. पडद्यावर काही उमटू द्यायचं नाही, कुठं नोंद ठेवायची नाही.

तीन वेळा तपासताना या ओळींवरून त्याची नजर तीनदा गेली होती.

“कधी लिहिल्यास?”

“...जयवंतच्या बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“असं शिकवलं होतं मी?”

“नाही, सर.”

“मग?”

निरंजन पडद्याकडे बघतच बोलला.

“तक्रारीचे निरोप जयवंत स्वतः लिहायचा, सर. मराठीत. मला चिडवायला. माझं काही चुकलं की तांबड्या अक्षरांत यायचे, माझं नाव घेऊन. त्या दिवशी एक आला. मला...”

वाक्य पुरं झालं नाही. सरांनी ते पुरं करून घेतलं नाही.

“पूस त्या ओळी.”

“तुम्ही पुसा, सर.”

“मी लिहिलेल्या नाहीत.”

निरंजननं त्या पुसल्या. मग परत गेलेल्या बाईंची माहिती तशीच्या तशी भरली आणि हाक मारली.

चौकट रिकामीच राहिली. पण तिच्याखाली तांबडी ओळ उमटली.

‘निऱ्या, वजनापुढं किलो लिहून पाठवलंस. मी आकडे वाचतो लेका, कादंबरी नाही.’

निरंजन त्या ओळीकडे पाहत राहिला. केंद्रावरच्या सिस्टरांनी वजनाच्या चौकटीत ‘४८ किलो’ असं टाइप केलं होतं. चौकटीत अक्षरं आहेत की आकडा, हे त्याच्या स्क्रिप्टनं पाहायला हवं होतं. तिनं आलं तसं पुढं ढकललं होतं.

“काय म्हणतोय?” सरांनी विचारलं.

“माझं चुकलं म्हणतोय.”

सर जाग्यावर जाऊन बसले. एक सुपारी उचलली. ती हातात तशीच राहिली.

निरंजननं अक्षरं गाळून नुसता आकडा पुढं जाईल असं केलं. पुन्हा हाक मारली. बाईंच्या नावापुढं वेळ उमटली: सोमवार, सकाळी सात, चार तास. त्यानं केंद्रावर फोन केला, बाईंना कळवायला सांगितलं, आणि पडद्याकडे वळला.

तांबडी ओळ गेली होती. ती होती तिथं तो कितीतरी वेळ पाहत होता.

“सर, त्यानं असे आणखी किती निरोप लिहून ठेवलेत, मला माहीत नाही. त्याची फाईल मी कधी उघडली नाही... आज उघडू? सगळे एकदम वाचून काढू?”

सरांनी मान हलवली.

“नको. एकेक चूक करत जा.”