आधी माझ्यावर, मग आत्यावर

माझं शिक्षण सातवीपर्यंत. वेलांटी कुठली द्यायची हे मी शेजारच्या पोराच्या वहीत बघायचो. शाळा सुटली तसा तोही सुटला. म्हणून चुकांबद्दल आधीच माफी मागतो. शब्दही साधेच आहेत. मोठे मला उचलवत नाहीत.

तर एका गावात एक भोळा भाचा होता. गाव आमचंच आणि भाचा मीच, गहिनीनाथ. घरात शेवंताआत्या, मी आणि म्हैस. आत्यानंच मला लहानाचं मोठं केलं. तिची साखर वाढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पंधरवड्यात उतरली नाही तर रोज सुई घ्यावी लागेल."

सुई द्यायला घरात मीच. आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "मग मी पुण्याला लेकीकडं जाईन."

म्हणजे घरात उरलो मी आणि म्हैस.

बाईंनी उपाय सांगितला. "चहाबरोबरची मैद्याची खारी बंद. सकाळी ज्वारीच्या जाड कण्या खा. कोंड्यासकट धान्य खाल्लं की साखर हळू चढते, पुढं म्हातारपणीही काळीज नीट चालतं. गहिनीनाथ, कोंडा टाकायचा नाही. चाळणी घरात दिसायला नको."

घरी येऊन मी चाळणी पत्र्यावर फेकली. चहाची गाळणी म्हणजे तिची धाकटी बहीण. तीही फेकली. मग आत्याला चहा दिला.

"आरं, ह्यो चहा हाय का चिखल?"

"कोंडा टाकायचा नाही, आत्या."

"मुडद्या, तळाचा गाळ टाकायचा आन वरचं पाणी प्यायचं! ध्यानात ठेव."

ध्यानात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कण्या शिजवल्या. छान शिजल्या. वरचं पाणी आत्याला वाटीत दिलं. तळाचा गाळ म्हशीला घातला.

"कण्या कुठंयत?"

"गाळ होता. टाकला."

आत्यानं दारातून म्हशीकडे पाहिलं. म्हैस घमेलं चाटत होती.

"तिची साखर चांगली राहील," आत्या म्हणाली.

मग तिनं कण्या करायचं काम स्वतःकडे घेतलं. मला एकच नियम घालून दिला. "तुझा हात कशाला लागला आसंल, सांगता येत न्हाई. यापुढं कायबी असू दे, आधी तुझ्यावर, मग माझ्यावर. तू जगलास तर मी खाईन."

नियम सोपा होता. रोज सकाळी मी कण्या आणि ताक पोटभर खायचो. आत्या माझ्या तोंडाकडे बघत बसायची. मी पडलो नाही की ती खायची. पंधरवडा असाच गेला.

मग तपासणीला गेलो, दोघंही उपाशीपोटी. नर्सबाईंनी शेवंताबाई म्हणून हाक मारली. आत्यानं भीतीनं डोळे मिटून पदर तोंडावर घेतला. मी नियमाप्रमाणे माझं बोट पुढं केलं. नर्सबाईंनी वर न बघता टोचलं.

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. "शेवंताबाई, कमाल केलीत! साखर अगदी पंचविशीतल्या पोरासारखी!"

मला लाज वाटली. "चोवीस पूर्ण," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"बोट माझं होतं, बाई. आधी माझ्यावर, मग आत्यावर."

"अहो, मग आत्यांचं रक्त?"

"आत्याकडंच हाय. थेंब सांडू दिला नाही."

बाई आत्याकडे वळल्या. तोवर आत्यानं आनंदाच्या भरात पिशवीत लपवलेली खारी तोंडात टाकली होती. म्हणजे उपाशीपोटही गेलं.

बाईंनी हात जोडले. "उद्या परत या. आणि गहिनीनाथ, उद्या तुम्ही काहीएक करायचं नाही. सगळं आत्यांना करू द्या. तुम्ही नुसतं मागं बसायचं."

उजाडताच मी सायकल बाहेर काढली. हँडल आत्याच्या हातात दिलं आणि मागं कॅरिअरवर बसलो.

"उतर."

"बाईंनी सांगितलंय."

उशीर होत होता. आत्यानं पदर खोचला आणि सायकल ढकलायला लागली.

पारावरून कुणीतरी विचारलं, "शेवंताकाकू, कुठं निघाला?"

"बाजाराला. ह्याला कुणी घेतंय का बघती."

दवाखान्यात या वेळी आत्याचंच बोट टोचलं. साखर उतरली होती. सुई टळली, पुणं टळलं. मला रडू आलं. मग आत्याला आलं. नियमच तसा होता.

"कण्यांनी काम केलं," बाई म्हणाल्या. "आणि आज घामही चांगला आलाय. काय केलंत?"

"गाढव ढकलत आणलं," आत्या म्हणाली.

"फारच छान! आता रोज सकाळी हेच चालू ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी कण्या खाऊन झाल्या. मी सायकल बाहेर काढली, हँडल आत्याच्या हातात दिलं आणि मागं बसलो.