दोन टोल्यांची बातमी

वर्षावासाच्या पहिल्या उपोसथाला, म्हणजे व्रताच्या दिवशी, श्रावस्तीतल्या तिष्या नावाच्या गृहिणीने एक व्रत घेतले होते. उपवासाचे नव्हे, दानाचेही नव्हे. ती व्रते ती आधीपासून पाळतच होती. हे व्रत जिभेचे होते. 'जे मी डोळ्यांनी पाहिले नाही, ते पाहिले असे म्हणणार नाही. आणि ज्याने कुणाचे वाईट होईल असे ऐकीव दुसऱ्याच्या कानी घालणार नाही.'

व्रत दिसायला सोपे, पण दोन महिन्यांत तिष्या टेकीला आली. पाणवठ्यावर कुणी काही सांगू लागले की ती विचारी, "कुणी पाहिलं?" मग बाया हसत. "तिष्याबाई, तुमच्या डोक्यावर घागर आहे, ती तरी पाहिलीत का?" एक म्हणे. दुसरी म्हणे, "हिच्याशी बोलायचं म्हणजे साक्षीदार काखेत मारून यायला हवं!" होता होता तिला येताना पाहिले की घोळका गप्प होऊ लागला.

एके दिवशी ती जेतवनात गेली. शास्त्यांना, म्हणजे भगवंतांना, वंदन करून एका बाजूला बसली आणि म्हणाली, "भंते, काळच असा आलाय. खोटं बोलताना कुणाची जीभ अडखळत नाही, आणि दुसऱ्याचं दुखलं तर कुणाचा डोळा ओला होत नाही. अशात मी एकटीने तोंड सांभाळून काय होणार?"

शास्ते म्हणाले, "उपासिके, हे तू आजच विचारते आहेस असं नाही. पूर्वीही एकदा तुला हाच प्रश्न पडला होता, आणि त्याचं उत्तरही तूच दिलं होतंस." असे म्हणून त्यांनी गतजन्मीची गोष्ट सांगितली.

फार पूर्वी गोदावरीकाठच्या पोतली नगरात अश्मक राजाचे राज्य चालू असता, बोधिसत्त्व दवंडी देणाऱ्यांच्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव सुनाद. नगराला पाच वेशी होत्या आणि प्रत्येक वेशीला एक दवंडीवाला. त्यांची एक जुनी रीत होती. बातमी कुणी डोळ्यांनी पाहिलेली असेल, तर ढोलाच्या दोन्ही तोंडांवर एकेक टोला द्यायचा. नुसती ऐकीव असेल, तर एकाच तोंडावर एकच टोला. आणि ज्याला 'मी पाहिलं' असे सांगायचे असेल, त्याने आधी ढोलाच्या कातड्यावर उजवा हात ठेवायचा.

ही रीत घराघरांतल्या बोलण्यातही मुरली होती. दूध मांजराने प्यायले असे सून सांगू लागली, तर सासू विचारी, "हे दोन टोल्यांचं की एका टोल्याचं?"

पण रीत म्हणजे सुपातले धान्य. पाखडत राहावे तेव्हा ते स्वच्छ राहते. पुढे पुढे एका टोल्याच्या बातमीला लोक थांबेनात. हातातले काम सोडून कोण ऐकणार ऐकीव गोष्ट? मग चार वेशींचे दवंडीवाले सगळ्यालाच दोन टोले देऊ लागले. कातड्यावर हात ठेवायला लावणेही सुटले. उत्तर वेशीचा सुनाद तेवढा जुन्या रीतीने चाले. येणारेजाणारे त्याला चिडवत, "काय रे सुनादा, ढोलाचं एक तोंड उंदरांनी खाल्लं की काय?"

"नाही बाबा," तो म्हणे, "राखून ठेवलंय."

त्या नगरात कोष्ट्यांच्या आळीत अनुला नावाची एक गृहिणी राहत असे. पौर्णिमेचा उपवास, मुंग्यांना पीठ, पिंपळाला पाणी, तिचा एक नेम चुकत नसे. कुणाचे वाईट करावे हे तिच्या स्वप्नातही आले नव्हते. त्या वर्षी आळीतली मुले उलट्या आणि जुलाबांनी अंथरुणाला खिळली. अनुलेची सहा वर्षांची चित्रा तीन दिवस डोळे उघडत नव्हती. ओल्या फडक्याने तिचे ओठ पुसत अनुला बसली असता तिची जाऊ दाराशी आली आणि दबल्या आवाजात म्हणाली, "बाई गं, चार दिवसांपूर्वी ती वनका म्हातारी आपल्या विहिरीवर वाकलेली होती म्हणे."

वनका वेशीबाहेर झोपडीत एकटी राही. परमुलखातून आलेली, मुळ्या आणि झाडपाला विकणारी. बाळंतिणींना तिचा काढा चाले. ती स्वतः मात्र कुणाच्या ओसरीवर चालत नसे.

अनुलेने फडके जावेच्या हाती दिले. ती तशीच उठून चव्हाट्यावर गेली. तिथे कोष्ट्यांचा मुखिया चार जणांबरोबर बसला होता. "दादा, ऐकलंत का? वनका आपल्या विहिरीवर वाकलेली होती म्हणे."

"म्हणे?" मुखिया सुताचा गुंता सोडवत म्हणाला. "एका टोल्याचं दिसतंय." आणि त्याने मानही वर केली नाही.

अनुलेच्या डोळ्यांसमोर चित्राचे सुकलेले ओठ आले. इथे पोर हातची जाते आहे आणि यांना सुताची पडली आहे! तिच्या तोंडून निघून गेले, "एका टोल्याचं नाही, दोन टोल्यांचं. मी पाहिलं. मुठीतलं काहीतरी टाकलं तिने विहिरीत."

शब्द बाहेर पडला आणि ती स्वतःच दचकली. पण तोवर सगळ्या माना तिच्याकडे वळल्या होत्या. मुखियाच्या हातातला गुंता खाली पडला होता. आता 'नाही हो, मी नुसतं ऐकलं' म्हणायचे कसे? ती मुकाट्याने घरी आली आणि पुन्हा पोरीपाशी बसली.

दुपार व्हायच्या आत चार वेशींच्या ढोलांवर दोन दोन टोले पडले. वनकाने विहिरीत विष कालवले. तिने नऊ मुले खाल्ली. ती रात्री घुबड होते. एवढे सगळे लोकांनी 'पाहिले'. वास्तविक एकही मूल दगावले नव्हते. मग लोकांनी झोपडीतून म्हातारीला ओढून काढले, तिचे हात दोराने बांधले आणि तिला दगड मारत डोहात लोटायचे ठरवले. फक्त एक अडचण होती. पाचही वेशींना दवंडी झाल्यावाचून कुणाला शिक्षा देऊ नये, असा राजाचा जुना नियम होता. पाचवी वेस सुनादाची.

घोळका त्याच्या दाराशी आला. पुढे खुद्द दंडनायक होता. "सुनादा, दोन टोले दे आणि मोकळा हो," तो म्हणाला. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "राजवाड्यावरच्या भेरीची जागा रिकामी आहे. उद्यापासून तू राजाचा भेरीवाला."

सुनादाने ढोल गळ्यात घातला. "स्वामी, टोले द्यायला माझी ना नाही. पाहिलं कुणी, तेवढं दाखवा."

"अरे, सगळ्या नगराने पाहिलं!"

"मग तर सोपंच झालं. त्यातल्या एकाने इथे हात ठेवावा."

एक तेली तावातावाने पुढे झाला. "मी पाहिलं! ठेवतो हात." हात उचलला, कातड्यापासून चार बोटांवर आला आणि तिथेच थांबला. "म्हणजे... पाहिलं माळणीने. मी आपलं तिच्याकडून ऐकलं."

"अगंबाई!" माळीण किंचाळली. "मी कुठे? मी तर फुलं ओवत होते. मला परटिणीने सांगितलं."

परटीण म्हणाली, "मला आमच्या ह्यांनी." परीट म्हणाला, "मला मुखियाने." सुनाद ज्याच्या त्याच्या पुढ्यात ढोल धरत चालला होता आणि घोळका बांधलेल्या म्हातारीला ओढत त्याच्यामागून. कोष्ट्यांच्या आळीत मुखियाने हात झटकले. "मला अनुलेने सांगितलं. आणि ती व्रताची बाई आहे. ती खोटं बोलायची नाही."

हे शब्द अनुलेने आतून ऐकले.

ती चित्राचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या मनात आले, आता सगळे नगर तेच बोलते आहे. मी एकटीने नाही म्हटले तर कोण ऐकणार आहे? उलट उद्या माझ्या दाराची पायरी कुणी चढणार नाही. नवऱ्याला बाजारात तोंड दाखवता येणार नाही. आणि समजा, म्हातारीने खरेच काही टाकले असले तर?

तेवढ्यात घोळका अंगणात आला. वनकाच्या कपाळातून रक्त ओघळत होते. उघड्या दारातून तिला मांडीवरची पोर दिसली आणि ती म्हणाली, "अगं बाई, तिला या विहिरीचं पाणी देऊ नकोस. नदीचं आण आणि खळखळून उकळ."

"गप्प बस, चेटकिणी!" मुखिया ओरडला.

"बसते बाबा गप्प. पण ओठ बघ पोरीचे, किती सुकलेत."

सकाळपासून चित्राचे ओठ पाहणारी अनुला सोडून दुसरी हीच. सुनाद उंबऱ्याशी आला. त्याने ढोल पुढे धरला. "ताई, घाई नाही. हात ठेव आणि जे असेल ते सांग. तू सांगशील तेवढंच मी पुकारीन. माझ्या पदरचं मीठ त्यात घालणार नाही."

अनुलेने पोरीचे डोके हलकेच उशीवर ठेवले. ती उठली. उन्हाने तापलेल्या त्या कातड्यावर तिने उजवा हात ठेवला, आणि हाताच्या कापण्याने ढोल बारीक वाजू लागला.

"मी पाहिलं नाही," ती म्हणाली. "ऐकलं होतं. ऐकलेलं कुणी ऐकून घेईना, म्हणून पाहिलं म्हणाले."

मग मागून कुणी ओरडले, "मग हिलाच लोटा डोहात!" आणि म्हातारीसाठी आणलेले दगड तिच्या दिशेने उचलले गेले.

सुनाद उंबऱ्यावर आडवा उभा राहिला. त्याने ढोलाच्या दोन्ही तोंडांवर टोले दिले. कित्येक दिवसांत त्याचे दोन टोले कुणी ऐकले नव्हते. लोक थबकले.

"ऐका हो ऐका! ही पाहिलेली बातमी. कोष्ट्यांच्या आळीतल्या अनुलेने आपली चूक ढोलावर हात ठेवून सांगितली. आता उरले वाटेत 'पाहिलं पाहिलं' म्हणणारे. त्यांचीही नावं पुकारतो. पहिले आपले तेली..."

"पुरे रे बाबा, पुरे!" तेली म्हणाला. कुणीतरी फिसकन हसले. मग एकेक दगड खाली पडू लागला, जसा काही तो कुणाच्या हातात चुकूनच आला होता.

सुनादाने म्हातारीला विचारले, "आजी, विहिरीवर कशाला वाकली होतीस?"

"वास येत होता पाण्याला. दोन घरी सांगायला गेले, तर केरसुणी उगारली माझ्यावर."

"आणि विहिरीत डोकावून कुणी पाहिलं?" सुनादाने सगळ्यांकडे वळून विचारले.

दिवसभर चार ढोल त्या विहिरीवरून बडवले गेले होते, आणि विहिरीत मात्र एकानेही पाहिले नव्हते.

मग दोर सोडून दोघे आत उतरले. सुताला लावायची खळ उरली की कोष्टी ती ज्या खड्ड्यात टाकत, तो खड्डा विहिरीला लागूनच होता. खड्ड्याची भिंत तडकली होती आणि आंबलेल्या, सडलेल्या खळीचे पाणी थेंब थेंब विहिरीत उतरत होते. तो खड्डा मुखियाच्या मागच्या दाराशी होता. मुखिया खाली मान घालून फावडे आणायला गेला.

अनुलेने वनकाच्या हातांची गाठ स्वतः सोडली आणि तिच्या पायांवर डोके ठेवले. म्हातारी म्हणाली, "पाय नंतर धर गं, आधी चूल पेटव." त्या दिवसापासून ती अनुलेच्या ओसरीवर राहिली. चौथ्या दिवशी चित्राने डोळे उघडून मीठ घातलेली पेज मागितली. आळीतली बाकीची मुलेही एकेक करून उठली.

राजाने सुनादाला बोलावून राजवाड्यावरची भेरी देऊ केली. सुनाद हात जोडून म्हणाला, "महाराज, ती भेरी फार उंच टांगलेली आहे. तिच्यावर हात ठेवायचा झाला, तर अनुलेसारखीचा हात कसा पोचायचा? मला माझी वेसच बरी." राजाने मग पाचही वेशींना जुनी रीत पुन्हा लावून दिली.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद. ती वनका म्हणजे ही दाराशी बसलेली वृद्ध भिक्षुणी. पाहिल्यावाचून पाहिलं म्हणणारे नगरजन म्हणजे तुझ्या पाणवठ्यावरची मंडळी. त्यांनी तेव्हाही दगड खाली टाकले होते, हे विसरू नकोस. अनुला म्हणजे तू, तिष्ये. आणि उत्तर वेशीचा दवंडीवाला मीच होतो. एकटीने काय होणार असं तू विचारलंस. त्या दिवशी एकच हात होता, आणि तोही कापत होता." ही सत्यपारमितेची कथा, करुणेचा हात धरून चालणाऱ्या सत्याची.

तिष्या घरी निघाली. वाटेत शेजारीण धावत आली. "तिष्याबाई, ऐकलंत का? त्या कुंभाराची सून..."

तिष्या थांबली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "चल, आधी तिच्या घरी जाऊन तिलाच विचारू."

मायबहिणींनो, आता तर प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे; म्हणजे ज्याच्या त्याच्या गळ्यात ढोलच की. तेव्हा एवढे करा. बातमी दारी आली, तर तिला लगेच पुढच्या घरी धाडू नका. पाहुण्यासारखी उंबऱ्याशी जरा बसवा. कुठून आलीस म्हणून विचारा, तुझ्याने कुणाचे घर जळणार नाही ना, तेही विचारा. तिष्येने हा वसा वर्षावासापुरता घेतला आणि जन्मभर पाळला. तुम्ही उद्याच्या दिवसापुरता घ्या. परवाचे परवा पाहू.