वडाने पानं टाकली

फार जुनी गोष्ट. एका शहरातल्या मोठ्या बागेत वड आणि पांगारा शेजारी राहत. वसंत आला की पांगारा लालभडक फुलून येई आणि गावभरची माणसं त्याला बघायला लोटत. वडाच्याच खाली सतरंज्या पसरत आणि बसत मात्र वडाकडे पाठ करून. वड आतल्या आत जळे.

"एवढं करतोस तरी काय रे तू?" शेवटी त्याने विचारलंच.

"काही नाही, वडोबा. आधी सगळी पानं टाकतो, मग फुलं येतात."

"एवढंच ना!"

पुढच्या वसंतात वडाने अंग झाडून पान न् पान टाकलं आणि तो वाट बघत राहिला. फुलं काही आली नाहीत. ऊन मात्र थेट बुंध्याशी येऊन बसलं.

दरवर्षीप्रमाणे भागीरथीबाई नवऱ्याबरोबर डबा आणि सतरंजी घेऊन आल्या. पांगारा नुसता पेटला होता, पण त्या त्याच्याकडे बघेचनात. कपाळावर हात धरून काहीतरी शोधत राहिल्या. वड मनातून हरखला. जिरली पांगाऱ्याची!

"अहो," भागीरथीबाई म्हणाल्या, "फुलं आहेत, पण आपली जागा कुठे गेली?"

सतरंजी न उलगडताच दोघं परत फिरली.