उंबरेमायची कहाणी

ऐका उंबरेमाय, तुमची कहाणी. आटपाट गाव होतं. गावाला पंचायत होती, पंचायतीला उंबरा होता. तिथं हौसाबाई सरपंच झाली. पहिल्या दिवशी आत पाऊल टाकते, तो उंबऱ्यापाशी एक म्हातारी बसलेली.

"बाई बाई, कुठं चाललीस?"

"गावाचा कारभार बघायला."

"मग माझा वसा घे. आपल्या घरचं काम बैठकीत निघालं, की खुर्चीवरून उठावं, उंबऱ्याबाहेर बसावं. कान देऊ नये, डोळ्यांनी खुणावू नये. हाक आली की आत यावं. जे ठरलं त्यावर तोंड वाकडं करू नये. उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस."

हौसाबाईनं वसा घेतला. मग दिराच्या रेशन दुकानाचं काम निघालं. ती उठली, बाहेर बसली. दुकान दुसऱ्याला गेलं, दिरानं अबोला धरला. मग भाच्याच्या शिपाईगिरीचं निघालं. ती उठली, बाहेर बसली. नोकरी दुसऱ्याला लागली, नणंद माहेरी येईना.

मग खालच्या वस्तीच्या बोअरचं काम निघालं. हौसाबाईच्या नवऱ्याची बोअरची गाडी होती. नवरा म्हणाला, "बोलू नकोस, हात वर करू नकोस. नुसती बसून राहा. बसायला काय जातं?" हौसाबाईला पटलं. बायांनो, हसू नका. आपल्यातल्या किती जणी अशा बसल्यात, ते आपल्याला ठाऊक आहे!

ती बसून राहिली. वस्तीची सदस्य शेवंता ओढ्याकाठची जागा सांगायला उठली, सरपंचाकडे पाहिलं, खाली बसली. काम नवऱ्याला मिळालं. गाडी सरळ उभी राहील तिथं, सडकेच्या कडेला, त्यानं बोअर मारली. नुसता फुफाटा वर आला. वस्तीच्या बाया पुन्हा कोसभर पाण्याला निघाल्या.

मग हौसाबाईनं हंडा भरला, घराच्या उंबऱ्यात आणला, कोरडा झाला. कळशी भरली, उंबऱ्यात आणली, कोरडी झाली. तांब्या भरला, तोही कोरडा. रडत म्हातारीकडे गेली. "माय, मी तर एक शब्द बोलले नाही."

"तू बसली होतीस ना? तू समोर बसल्यावर नाही कोण म्हणेल?"

हौसाबाईला फार लाज वाटली. डोळे पुसले, पदर खोचला, बैठक बोलावली. "माझ्या घरच्या कामाला मी बसून राहिले. चुकले. ते काम मोडा, नव्यानं ठरवा." कारभार उपसरपंचांवर सोपवला, बाहेर उन्हात बसली, पदरानं कान झाकले.

दीर आला. "वहिनी, लोक हसतात, उठा." "आतून हाक आली की उठेन." नणंद आली. "वहिनी, माहेरची अब्रू घालवलीत, उठा." "आतून हाक आली की उठेन." मग नवरा आला. "उठली नाहीस तर घरात घेणार नाही." हौसाबाईनं एकदा घराच्या वाटेकडे पाहिलं. तरी म्हणाली, "आतून हाक आली की उठेन."

आत शेवंता बोलायला उठली. या खेपेला खाली बसली नाही. ओढ्याकाठची जागा ठरली, गाडी परगावची ठरली. हाक आली. हौसाबाईनं ऐकलं, तोंड वाकडं केलं नाही, सही केली.

ओढ्याकाठी पाणी लागलं. वस्ती न्हाली. शेवंता पहिला हंडा घेऊन हौसाबाईच्या दारी आली. नवरा दारातच बसला होता, बायकोची वाट अडवून. हौसाबाई अंगणात उभी होती. शेवंतानं हंडा उंबऱ्यावर ठेवला. नवऱ्यानं हंड्यात डोकावून पाहिलं. पाणी होतं तसं होतं. तो ओंजळ भरून प्याला. मग बाजूला सरला, हंडा स्वतः उचलून आत नेला. म्हणाला, "ये, आत ये."

जशी उंबरेमाय हौसाबाईला पावली, तशी तुम्हांआम्हां कारभारणींना पावो, उठायचं बळ देवो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचा शब्दांत गाठी बांधा: आपलं काम निघालं की उठावं. सुफळ संपूर्ण.