चांगल्या पायाचं औषध

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या अंगणात रेवणशेट नावाचे कापडाचे व्यापारी आपल्या खंड्या नावाच्या कुत्र्याला कडेवर घेऊन आले.

"वैद्यबुवा, याच्या पंजात काच घुसली होती. जखम कधीच भरली, पण लंगडणं वाढतच चाललंय. घरचे म्हणतात, शेतावर नेऊन सोडा. माझं मन होत नाही."

वैद्यांनी पंजा दाबून पाहिला. खंड्या जराही कुरकुरला नाही. मग ते म्हणाले, "शेटजी, मागच्या दारी जाऊन हातपाय धुऊन या."

शेटजी दृष्टीआड होताच खंड्या उठला आणि चारी पाय टेकत अंगणभर हुंगत फिरला. शेटजी परतताना दिसले मात्र, लगेच लंगडू लागला.

वैद्यांचा शिष्य शिवदास हसला. "गुरुजी, हा तर पक्का ढोंगी! आत्ता चारी पायांवर नीट फिरत होता."

"आणि मी याच्यासाठी जीव टाकतोय!" शेटजींनी संतापून हात उगारला. खंड्या कान पाडून खाली बसला.

वैद्यांनी तो हात अलगद धरला आणि त्यात तेलाची कुपी ठेवली. "हे रोज चोळा. पण चांगल्या पायाला. खंड्या स्वस्थ पडलेला असेल किंवा नीट चालत असेल, तेव्हाच. लंगडला तर रागावू नका, लक्षही देऊ नका."

"निरोगी पायाला औषध?" शिवदास गोंधळला.

वैद्यांनी शेटजींनाच विचारलं, "जखम होती तेव्हा पट्टी कोण बांधायचं?"

"मीच. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसायचो."

"आणि भरल्यावर?"

"मग पुन्हा दुकानाच्या कामाला लागलो."

"पाय बरा झाला आणि तुमचा हात गेला," वैद्य म्हणाले. "ज्या चालीनं तुम्ही धावत आलात, तीच चाल तो पुन्हा चालतोय. दुसरं काही मागायला त्याला येत नाही. तो सुखात असताना आपणहून जवळ बसा, म्हणजे त्याला लंगडावं लागणार नाही."

शेटजी तिथेच मातीत बसले. तळव्यावर तेल घेऊन ते खंड्याचा चांगला पाय चोळू लागले. खंड्यानं एक दीर्घ श्वास सोडला आणि डोळे मिटले.

पुढच्याच महिन्यात खंड्या शेटजींच्या पुढे धावताना गावानं पाहिला.

त्या दिवशी शिवदास गुरुजींजवळ घुटमळत राहिला. "गुरुजी, गुडघे दुखतात म्हणून आईचा सारखा निरोप येतो. मी दर वेळी लेप पाठवून देतो. उद्या स्वतः जाऊ का?"

"जा," वैद्य म्हणाले, "आणि यापुढे निरोप आला नाही, तरी जात जा."