फुटाण्यांची पिशवी

विषय : महाराजांच्या वाढदिवशी फुटाणे वाटण्याची पिशवी.
संदर्भ : कोळंबगडचे राजे उदाजीराव यांचा तोंडी हुकूम, की पिशवी मजबूत असावी आणि फुटाणे संपल्यावर तिचं काहीही उरू नये. जाळायची नाही, पुरायची नाही, कुणी घरी न्यायची नाही.

हुकमाला कारण होतं. एका वर्षी फुटाणे द्रोणांत वाटले. चौकभर द्रोण पसरले आणि त्यांवरून महाराज घसरले. प्रजा हसली नाही, हे त्यांना जास्त लागलं. पुढच्या वर्षी कापडी पिशव्या दिल्या, तर लोक फुटाणे रस्त्यात ओतून दुसऱ्या पिशवीसाठी पुन्हा रांगेत उभे राहिले.

हे काम भिकू परटावर आलं, कारण त्याच सुमारास त्यानं पडद्यांची दाट खळ चुकून महाराजांच्या अंगरख्याला लावली होती. अंगरखा असा ताठला की महाराजांना दरबारात बसता येईना. ते उभे, म्हणून सगळा दरबार उभा. पाय दुखू लागल्यावर कारभारी अंताजीपंतांनी शिक्षा सुचवली : परटानं अशी पिशवी करून द्यावी, नाहीतर नदीवरचा धुण्याचा घाट सोडावा. तो घाट पंतांच्या मेहुण्याला हवा होता, हा योगायोग.

घाट गेला की परटाचं पोट गेलं. भिकू कपाळाला हात लावून बसला. त्याची मुलगी चिमणा खळीचं पातेलं घासत होती. चिंचोक्याची खळ तळाशी वाळली की तिचा पापुद्रा सुटतो. रोज ती तो फेकून देई. त्या दिवशी तिनं तो ओढून पाहिला.

नुसता पापुद्रा पापडासारखा मोडला. मग तिनं खळीत काकवी घातली, तेव्हा तो वाकू लागला. काकवी जास्त झाली तेव्हा मात्र तो भिकूच्या पाठीला चिकटला.

"पोरी, घाट तर जायचाच आहे," भिकू म्हणाला. "निदान काकवी तरी राहू दे."

प्रमाण जमल्यावर तिनं केळीच्या सोपटाचे तंतू कुटून त्यात मिसळले, तेल लावलेल्या धुण्याच्या दगडावर ती खळ पातळ पसरली, उन्हात वाळवली आणि कडा ओल्या खळीनंच चिकटवून पिशवी केली.

बापलेक पिशवी घेऊन दरबारात गेले. पंतांनी तीत फुटाण्यांऐवजी तराजूची वजनं भरली आणि ती खुंटीला टांगली. दरबार उठायची वेळ झाली तरी पिशवी तशीच होती. थकलेले दिसत होते ते दरबारी.

"मजबूत आहे," महाराज म्हणाले. "आता नाहीशी कर."

चिमणानं घमेलंभर कोमट पाणी आणि एक गाय मागितली. पिशवी पाण्यात लिबलिबीत झाली. गाईनं ती खाल्ली, घमेलं चाटलं आणि पंतांच्या खळ लावलेल्या उपरण्याकडे वळली.

उपरणं सोडवत पंत म्हणाले, "ही उद्या शेण टाकेल. म्हणजे उरलंच की!"

"त्यानं वाड्याचा चौक सारवतात, पंत," चिमणा म्हणाली. " चौकही उरू द्यायचा नसेल तर तसं सांगा."

पंतांनी शेवटचा डाव टाकला. ऐन वाटपात पाऊस आला तर ही पिशवी फुटाणे संपण्याआधीच विरघळेल. आपलं काम संपलं की नाही, एवढं तरी तिला कळायला नको का? महाराजांनाही ते पटल्यासारखं दिसलं. भिकूनं मनातल्या मनात घाटाला नमस्कार केला.

चिमणा म्हणाली, "महाराज, काम संपलं हे ओळखून आपणहून निघून गेलेलं या दरबारात आजवर कोण आहे? मग ती अपेक्षा एका पिशवीकडूनच का?"

दरबारातले बरेच म्हातारे छताकडे बघू लागले. महाराज मात्र इतके हसले की अंगरख्याचा बंद तुटला. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून चिमणाला दिलं, दर वाढदिवसाच्या पिशव्यांचं काम तिलाच दिलं आणि घाट परटाच्या घराण्याकडे कायमचा राहील असं जाहीर केलं. पाऊस आलाच तर फुटाणे ओंजळीत घ्यावेत, असंही फर्मावलं.

घाटाची सनद पंतांच्या कचेरीतून निघायची होती. कचेरीनं नमुन्याची पिशवी जोडून रीतसर अर्ज करण्यास कळवलं. चिमणानं अर्ज पिशवीतच घालून दिला. तो पाण्याच्या माठाशेजारी ठेवण्यात आला. 'अर्ज लगद्याच्या स्वरूपात प्राप्त' असा शेरा पडला व दुसरा अर्ज मागवण्यात आला. तो सादर झाला आहे. घाटावर धुणं चालू आहे. अर्ज विचाराधीन आहे.